खाजगी बाब

उवा नेहमी शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून येतात. आमच्या लहानपणी आळीतल्या प्रत्येक घराचं हे ठाम मत होतं, आणि त्या शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या घरीही तेच मत होतं. गंगेचा उगम सापडला, उवांचा काही सापडला नाही. रविवारी दुपारी मागचं दार लोटून घेऊन आजी पांढरा पंचा पसरायची, बहिणींना ओळीनं बसवायची आणि फणी फिरवायला घ्यायची. तेवढ्यात कुणी कडी वाजवली तर 'मुली अभ्यासाला बसल्यात' असं सांगायचं काम माझ्याकडे होतं. गोवर आला की अख्खी आळी विचारपूस करून जाई. उवा, लिखा, खरूज यांची मात्र वाच्यता नसे. ताप हा रोग होता, खाज ही बदनामी होती.

हा जुना संकोच सत्तरीनंतर पुन्हा भेटेल आणि तोही एका गिनी पिगच्या कृपेनं, असं वाटलं नव्हतं.

नातीकडे दोन गिनी पिग आहेत. पिवळसर तांबूस आहे ते पिठलं. पांढरट आणि पाठीवर दोन ठिकाणी करपलेली आहे ती भाकरी. दोन्ही माद्याच, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि सुदैवानं ते खरं निघालं. या बाबतीत दुकानदारांचा शब्द पाळण्याची निसर्गावर सक्ती नसते, त्यामुळे दोन घेतलेल्यांच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी सहा झालेले मी ऐकून आहे. एकच का नाही घेतला, असं मी विचारलं होतं. गिनी पिग कळपातला जीव, एकटा कुढतो, असं नातीनं सांगितलं. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ साली नियमच झाला की अशा प्राण्याला एकटं पाळायचं नाही. ठाण्यात असा नियम नाही. पण सुनेनं तो वाचला होता, तेव्हा आमच्या घरापुरता लागू झाला.

एका सकाळी पिठलं मागच्या पायानं मान खाजवायला लागलं. मग कूस चावायला लागलं. मग मध्येच टुणकन उडी मारून, स्वतःभोवती गिरकी घेऊन, पुन्हा खाजवायला बसलं. गिनी पिग खुशीत आले की जागच्या जागी उड्या मारतात, म्हणून सून म्हणाली, "किती आनंदात आहे बघा." नात म्हणाली, "आई, आनंदात केस गळत नाहीत." कमरेजवळ तळहाताएवढ्या जागेत केस विरळ झाले होते आणि खाली कोंड्याची साय धरली होती.

आमच्या हिनं चष्मा लावला, पिठल्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आपल्या घरात असलं कधी काही झालेलं नाही हं." मग खिडकी लावून घेतली. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. समोर खाडी आहे.

पुढे जे झालं ते आमच्या घराण्याच्या रीतीला धरूनच. आधी गुन्हेगार शोधायचा, मग औषध. हिचा संशय दुकानावर. सुनेचा सुक्या गवताच्या पाकिटावर, कारण ते परदेशी असूनही स्वस्तात मिळालं होतं. माझ्या मुलाचा शेजारच्यांच्या कुत्र्यावर. सशांजवळ ठेवलेल्या गिनी पिगला सशाचे माइट, म्हणजे बारीक किडे, लागू शकतात, कुत्र्या-मांजरांच्या पिसवाही येऊ शकतात, तेव्हा कुणाचाच संशय अगदी वेडगळ नव्हता. पण बहुतेक वेळा हे पाहुणे गिनी पिगबरोबर दुकानातूनच येतात आणि गुपचूप राहतात. प्राणी धडधाकट असेपर्यंत त्यांचं अस्तित्व कळतही नाही. आजारपण, गाभणपण, म्हातारपण, जागेतला बदल, गर्दी, निकृष्ट खाणं, यांपैकी काही झालं आणि अंगातला जोर कमी पडला की ते एकदम वाढतात. पिठल्याची खाज दिवाळीनंतर आठवड्याभरात सुरू झाली होती. आमच्या सोसायटीत फटाके सातव्या मजल्यापर्यंत पोचतात. मी माझा संशय बोलून दाखवला नाही, कारण त्यातले काही फटाके मीच नातवाला आणून दिले होते.

आता या पाहुण्यांची ओळख करून द्यायला हवी. गिनी पिगच्या अंगावर उवा होतात; ग्लिरिकोला पोर्सेली आणि गायरोपस ओव्हॅलिस ही त्यांची दोन ठळक घराणी. केस उलटे फिरवून, कानामागे आणि कमरेकडे नीट पाहिलं तर त्या पळताना दिसतात, आणि त्यांच्या लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. बोटानं सरकला तो कोंडा, नाही सरकली ती लीख, ही आजीची परीक्षा इथंही लागू पडते. दुसरे केसांवरचे माइट, कायरोडिस्कॉइड्स कॅव्ही. हे केसाला मिठी मारून राहतात आणि पुष्कळदा काही त्रास देत नाहीत. फार झाले तरच खाज सुटते. तिसरा मात्र खरा खलपुरुष. ट्रिक्साकारस कॅव्ही. हा आपल्या खरजेच्या किड्याच्याच कुळातला, कातडीत बीळ करून राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. याला शास्त्रीय नाव मिळालं ते १९७२ साली. गिनी पिग माणसाळून हजारो वर्षं झाली, तोवर हा बिननावाचाच वावरला. यानं सुटणारी खाज इतकी भयंकर असते की प्राणी स्वतःला रक्त येईपर्यंत ओरबाडतो, नुसता हात लावला तरी फिट आल्यासारखा तडफडतो, गाभण मादी असेल तर पिल्लं पडतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला लूत लागलेली आपण पाहतो आणि पाय उचलून पुढे जातो. तीच गत किलोभर वजनाच्या, ओरडूनही कुणाला काही सांगता न येणाऱ्या जिवाची झाली की घरात जेवण जात नाही.

उवांबद्दल मला मात्र थोडा आदर वाटू लागला आहे. त्यांच्याइतकं कडक सोवळं कुणी पाळत नसेल. गिनी पिगची ऊ गिनी पिगवरच जगते, माणसाची माणसावर; एकमेकींच्या घरी पाणीदेखील पीत नाहीत. त्यामुळे नातीच्या वेण्यांना पिठल्याकडून काही धोका नव्हता, आणि खिडकी लावून घेण्याचंही कारण नव्हतं. शिवाय वंश केवढा जुना! दक्षिण पेरूमध्ये एल याराल नावाचं ठिकाण आहे. तिथं हजारेक वर्षांपूर्वी लोकांनी गिनी पिग पुरले होते. वाळवंटी हवेत त्यांचे देह केसांसकट वाळून टिकले, आणि संशोधकांनी ते तपासले तेव्हा केसांत उवा सापडल्या. मालक गेले, गावं गेली, देव बदलले, उवा जागच्या जागी. पेरूतल्याच कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं एक मोठं चित्र आहे, मार्कोस सापाता या चित्रकाराचं; त्यात ताटात भाजलेला गिनी पिग ठेवलेला दिसतो. तिकडे तो स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला वाढतो आणि तिथंच संपतो. आमच्याकडेही तो स्वयंपाकघराशेजारीच राहतो, फक्त कोथिंबीर त्याच्यावर न पडता त्याच्या तोंडात पडते.

तर औषध. गुन्हेगार न सापडल्यामुळे त्या रात्री घरात वैद्यकीय परिषद भरली. हिनं कडुलिंबाचं तेल सुचवलं. माझ्या चुलत बहिणीनं फोनवरून खोबरेलात कापूर सांगितला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सीताफळाच्या बियांची पूड वाटीतून पाठवली, वर कागद झाकून, जणू काही वाटीत साखर आहे. त्यांना कुणी सांगितलं हे आजतागायत गूढ आहे. मुलानं शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे मागून आणायची तयारी दाखवली. माझ्या मनात रॉकेल आलं होतं, कारण आमच्या पिढीला प्रत्येक संकटात रॉकेल आठवतं. पण आता ते मिळतच नाही, म्हणून गप्प बसलो.

यातला प्रत्येक उपाय पिठल्याला महागात पडला असता. गिनी पिग दिवसभर स्वतःला चाटून साफ करतो. अंगाला जे लावाल ते पोटात जातं. कापूर विषारी, उग्र तेलं त्याच्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण डोळ्यांत गेली तर माणसाच्याही बुबुळाला इजा करते, आणि गिनी पिगचे डोळे केसांच्या पातळीवरच असतात. गोचिडांच्या स्प्रेंची गोष्ट त्याहून वाईट. कुत्र्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं फिप्रोनिल सशांना विषारी ठरतं, आणि गिनी पिगलाही ते देऊ नये असंच डॉक्टर सांगतात. तीस किलोच्या कुत्र्याचा फवारा पाऊण किलोच्या जिवावर मारायचा, हा हिशेब मुलाला इंजिनीअर असूनही सुचला नाही. राहिली आंघोळ. आपल्याकडे कुठल्याही अंगावरच्या तक्रारीवर कडकडीत पाण्याची आंघोळ सुचवतात. पण नुसत्या आंघोळीनं कातडीतला माइट निघत नाही, प्राणी भेदरतो आणि गारठतो.

परिषद नातीनं बरखास्त केली. ती नववीत आहे. "दवाखान्यात न्यायचंय," एवढंच म्हणाली. हिला ते पटलं नाही असं नाही, पण रिक्षात टोपलीवर दुपट्टा टाकायला तिनं लावलाच.

दवाखाना शोधणं हे वेगळंच काम. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चौकाचौकांत आहेत. गिनी पिग हातात धरायची सवय असलेले कमी. आम्हाला मिळाल्या त्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पिठल्याला टेबलावर न ठेवता मांडीवर घेतलं, आणि माझा अर्धा विश्वास तिथंच बसला. साधी चिकटपट्टी घेतली, कमरेच्या केसांवर दाबली, काचेवर चिकटवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघ," त्या नातीला म्हणाल्या. नातीनं पाहिलं, मग मी पाहिलं. केसाला बिलगून काहीतरी पाय हलवत होतं. केसांवरचे माइट. मग त्यांनी कातडी थोडी खरवडून दुसरी काच तयार केली. तिच्यात काही मिळालं नाही.

"म्हणजे खरूज नाही?" मी विचारलं.

"असं नाही म्हणता येत, आजोबा. तो खोल असतो. खरवडीत पुष्कळदा येतच नाही. लक्षणं त्याची दिसतायत, तर औषध द्यायचं आणि बघायचं. आणि हिला एकटीला नाही, दोघींना."

"भाकरीला तर काही झालेलं नाही," ही म्हणाली. आवाजात भाकरीच्या अब्रूची काळजी होती.

"दिसत नाही एवढंच, आजी. एका पिंजऱ्यात राहतात ना? एकीला औषध दिलं तर दुसरीच्या अंगावरून पुन्हा येतील."

त्यांनी आमच्या हाताच्या कोपरापर्यंत बाह्या वर करायला लावल्या. नातीच्या मनगटाजवळ बारीक लाल पुरळ होतं. पिठल्याला उराशी धरून बसल्याचा हा प्रसाद. हा खरजेचा माइट माणसाच्या अंगावर वस्ती करू शकत नाही, तात्पुरती खाज देऊन संपतो, प्राणी बरा झाला की पुरळही जातं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. गोल चट्टा उठला असता तर मात्र त्या वेगळं बोलल्या असत्या. गिनी पिगला गजकर्णही होतं, ती बुरशी असते, आणि तिला सोवळंओवळं कळत नाही. प्राण्याकडून माणसाकडे सहज येते. म्हणून खाज दिसली की अंदाजानं औषध न घेता तपासून घ्यायचं.

मग त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. आयव्हरमेक्टिन. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे नाव घराघरांत पाठ झालं होतं. २०२१च्या मे महिन्यात गोवा सरकारनं तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून ते देण्याचं जाहीर केलं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत होती. म्हापशाला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यानं तेव्हा घेऊन ठेवलेली पाकिटं अजून कपाटात आहेत. संध्याकाळी फोनवर बातमी कळताच तो म्हणाला, "अहो भावोजी, विकत कशाला घेता? माझ्याकडे पडलीयेत, पाठवून देतो." करोनावर त्या गोळीचा उपयोग काही सिद्ध झाला नाही. पण ती बिचारी करोनासाठी जन्मलीच नव्हती. जपानमध्ये इतो शहराजवळ एका गोल्फच्या मैदानालगतची माती सातोशी ओमुरा यांनी उचलली, तिच्यात एक जिवाणू सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्यातून जंत आणि किडे मारणारं औषध शोधलं. ते आधी गुराढोरांसाठी आलं, मग आफ्रिकेतल्या नद्यांकाठच्या लाखो माणसांची दृष्टी त्यानं वाचवली, आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे माइट हे त्याचं जुनं, घरचं काम. म्हापशाच्या कपाटातल्या गोळ्या मात्र माणसाच्या वजनाच्या, आणि पिठलं भरलं आठशे दहा ग्रॅम. चतकोर गोळीनंही अनर्थ झाला असता. हे औषध किती द्यायचं, टोचायचं की पाजायचं, की त्याऐवजी मानेवर सेलामेक्टिन या औषधाचा थेंब टाकायचा, हे वजन करून डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एका गोळीबद्दल सांगतो. ओरबाडून जखमा झाल्या की घरातली उरलेली अँटिबायोटिक द्यायचा मोह होतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, त्यात आपलं घरगुती अमॉक्सिसिलिनही आलं, गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारून टाकतात, वाईट माजतात, आणि प्राणी दगावतो. ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ मे १९४० रोजी पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा घेतली ती आठ उंदरांवर. उंदरांऐवजी गिनी पिग घेतले असते तर ते औषध विष म्हणून बाजूला पडायची पाळी आली असती. प्रयोगाचा प्राणी म्हणून जगभर बदनाम झालेला हा जीव त्या एका दिवशी प्रयोगाला नव्हता, हे मानवजातीचं नशीब.

डॉक्टरांनी खाण्याची चौकशी केली तेव्हा आणखी एक नातं उघडकीला आलं. गिनी पिगला आपल्यासारखंच शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. बहुतेक प्राण्यांना येतं. माणसाला, माकडांना आणि याला नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना क अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाचा छडा लागला तो याच प्राण्यामुळे. क कमी पडलं की केस राठ होतात, कातडी कमकुवत होते, जखमा भरत नाहीत, आणि अंगावरच्या पाहुण्यांना रान मोकळं मिळतं. पाकिटातल्या गोळीखाद्यातलं क ठेवून ठेवून उडून जातं, म्हणून ताजं हवं. तेव्हापासून ढोबळी मिरचीचे घरात तीन वाटे होतात: भाजीत एक, पिठल्याला एक, भाकरीला एक. आवळ्याची फोड मी सकाळी घेतो, तेव्हा त्या दोघींनाही इवलीशी मिळते. त्या तोंड वाकडं करत नाहीत. मी करतो.

घरी आल्यावर साफसफाई निघाली. हे किडे अंगावरून उतरले तरी काही दिवस तग धरतात, म्हणून पिंजऱ्यातलं गवत, कागद सगळं पिशवीत बांधून बाहेर गेलं. पिंजरा कडक पाण्यानं धुतला. कापडी अंथरुणं उकळली. लाकडी घरकुल हिनं स्वतः टाकून दिलं, कारण लाकडाच्या फटी धुता येत नाहीत. त्याच्या जागी ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं खोकं आलं, एका बाजूला दार कापून. ते दोघींना लाकडापेक्षा जास्त आवडलं, कारण ते खाताही येतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं तेही ठरलं, आणि त्यात अवघड काही नाही. नवा गिनी पिग आणला तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. जागा कोरडी, गर्दी नाही. आठवड्यातून एकदा केस उलटे फिरवून बघणं आणि वजन. वजनाला फराळाचा काटा लागतो. त्यावरच्या वाटीत पिठलं बसवलं की ते एवढं स्थिर बसतं की हिनं परवा आकडा वाचून सवयीनं म्हटलं, "यात पाव किलो तूप पुरेल."

आठवड्याभरात खाज थांबली. कमरेवर मऊ लव आली. आमच्या हिला इतका धीर आला की लिफ्टमध्ये तिनं आपणहून खालच्या काकूंना सगळं सांगितलं, सूक्ष्मदर्शकासकट. काकू म्हणाल्या, "अहो, आमच्या मांजराला गेल्या पावसाळ्यात हेच." मग तिसऱ्या मजल्याचं निघालं. मग सेक्रेटरींच्या कुत्र्याचं. एवढी वर्षं सोसायटीत कुणाच्याच घरात असलं काही झालेलं नव्हतं.

मात्र खाज थांबली हीच या आजारातली सगळ्यात फसवी वेळ. औषध जिवंत माइट मारतं. अंडी मारत नाही. ती फुटतात, आणि बाहेर आलेल्यांनी पुन्हा अंडी घालण्याआधी दुसरा डोस जावा लागतो; साधारण दहा ते चौदा दिवसांनी, आणि बऱ्याचदा त्यानंतर तिसराही. प्राणी हुंदडतोय, केस आलेत, रिक्षाचे पैसे कशाला, असं म्हणून इथंच सगळे थांबतात आणि दोन महिन्यांनी पहिल्यापासून सुरुवात करतात. तेव्हा तुमच्याकडे गिनी पिग असेल, तर दवाखान्यातून आल्याबरोबर, चपला काढायच्याही आधी, पुढच्या डोसची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून टाका. दोघींची.